थंड पाण्याचा तंगूस

तंगूस बोटांनी नाही, ओठांनी पारखायचा असतो, असं बाबा म्हणायचे. तंगूस म्हणजे गळाला बांधायचा नायलॉनचा पारदर्शक दोरा. दुकानदाराने रीळ पुढे केलं की बाबा दोऱ्याचं टोक खालच्या ओठावर ठेवत, डोळे मिटत आणि हातभर दोरा हळूहळू ओठावरून ओढत. कुठे चरा असला, कुठे बारीक गाठ असली, ऊन खाऊन दोरा खरखरीत झालेला असला, तर ते त्यांना तिथल्या तिथे कळे. बघणारे हसत. गोलबाजारातला दोर-जाळीवाला तर तोंडावर म्हणायचा, "भैया, खरीदोगे कि चूमोगे?" बाबा हसत नसत. या ओठाने पारखण्यात काहीतरी मोठी विद्या आहे असं मला लहानपणी वाटे. खरं कारण साधं होतं. भनपुरीच्या बर्फ कारखान्यात लाद्या ओढून ओढून त्यांच्या बोटांची पेरं मेली होती. चहाचा कढत ग्लास ते तसाच मुठीत धरत, आणि माय ओरडे, "अवो, भाजून राह्यले ना तुमी!" तेव्हा कुठे ते ग्लास खाली ठेवत.

आमचं घर रायपुरात, गुढियारीत, मालधक्क्याच्या मागच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर, मागे हातभर अंगण आणि त्यात मायनं लावलेला सेमीचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, वेल. मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळले की फळीवरची भांडी वाजत. पाहुणा दचके, आम्ही जेवत राहायचो. बाबा पाळी संपवून घरी येत तेव्हा आधी अमोनियाचा वास येई आणि मागून बाबा. सकाळी बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला कालचा भात, त्यासोबत कांदा आणि हिरवी मिरची. संध्याकाळी वरण-भात. रविवारी मासळी मिळाली तर चिंचेचा कोळ घालून रस्सा, आणि वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर. शेजारच्या छत्तीसगढी बाया मासळीत मोहरी वाटून घालत आणि मायच्या रश्श्याला नाव ठेवत, पण वाटी घेऊन त्याच दारात उभ्या राहत. माझा मोठा भाऊ प्रकाश मराठीत विचारलेल्या प्रश्नाला हिंदीत उत्तर द्यायचा. शाळा हिंदी, दोस्त हिंदी, सिनेमा हिंदी. मी मराठी वाचायला शिकले ती विहारात, रविवारच्या वर्गात. त्यामुळे दोघा पोरांत मराठीत भांडणारी मी एकटीच, असं माय म्हणे.

बर्फ कारखान्याच्या मागे एक तलाव होता. कारखान्याला पाणी त्यातूनच जाई. पत्र्याच्या उंच डब्यांत बर्फ धरला की डबे साध्या पाण्यात बुडवून लादी सोडवावी लागते. ते बुडवलेलं, बर्फाळ झालेलं पाणी एका मोरीतून तलावाच्या कोपऱ्यात पडे. उन्हाळ्यात पोट्टे त्या कोपऱ्यात पोहायला मरत. हिवाळ्यात मात्र तिथे कोणी पाय घालत नसे. पाणी असं की घोट्यापर्यंत गेलं तरी हाड ठणके. गळ टाकणारे सगळे पलीकडे, कडुनिंबाखाली, उन्हाच्या बाजूला बसत. मोरीच्या कोपऱ्यात मासा लागतच नाही, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. बाबांचं म्हणणं उलटं होतं. "लागते," ते म्हणायचे, "पन यायले समजत नाई." मोरीचं पाणी वरून पडतं, त्यानं तळाला हवा जाते, म्हणून कतला जातीचे मोठे मासे तिथेच तळाशी पडून राहतात. पण थंडीने त्यांचं अंग जड झालेलं असतं. ते आमिषावर झडप घालत नाहीत. नुसतं तोंड उघडतात, आत ओढतात, नाही आवडलं तर फुंकून टाकतात. पाण्यावरची तरंगती खूण हलतसुद्धा नाही. दोरा बोटावर धरून बसलेल्याला एक कुसळ लागल्यासारखं वाटतं, तेवढंच. आणि ते वाटायला बोटं जिवंत लागतात.

म्हणून मी. प्रकाशभैयाला बसून राहण्याचा कंटाळा होता, आणि मायला वेळ नव्हता. बाबांनी मला शिकवलं ते पाण्यावर नाही, घरात. या भिंतीच्या खिळ्यापासून त्या खोलीतल्या खिळ्यापर्यंत तंगूस ताणून बांधायचा. मी इकडे डोळे मिटून, दोऱ्याखाली तर्जनी धरून बसायची. तिकडे बाबा दोऱ्यावर तांदळाचा दाणा टाकायचे. दाणा पडला की मी "हव", म्हणजे हो, म्हणायचं. आधी टपोरा दाणा, मग कणी, मग मोहरी. कधीकधी ते काहीच टाकत नसत आणि मी लबाडीने "हव" म्हणाले की तिकडून हसण्याचा आवाज येई. "सुजा, मासा नाई लागला, तुलेच मासा लागला!" माय चुलीजवळून म्हणे, "पोट्टीले सांबार निवडाले सांगा, तं तिले दिसत नाई. आन हे मोहरी ओळखून राह्यली." माझ्या आयुष्यात कोणी माझ्याकडे इतकं लक्ष देऊन बसलं आहे असं पुन्हा झालं नाही. हे लिहितानाही मला त्याचा राग येतो, कारण ते सुख खरं होतं.

ज्या हिवाळ्याबद्दल मी सांगते आहे, त्या हिवाळ्यात मी अकरावीला होते. तेव्हा आमच्याकडे अकरावी झाली की कॉलेज. मुलींचं कॉलेज रुळांच्या पलीकडे, गावाच्या दुसऱ्या टोकाला. पायी जायचं तर मालधक्क्यातून, ट्रकच्या रांगांमधून, हमालांच्या आणि ड्रायव्हरांच्या नजरेखालून. रोजचा रिक्षा आमच्या घराला झेपणारा नव्हता. बाबांनी एकच वाक्य बोलून विषय मिटवला होता: "सायकल आली तं कॉलेज. नाई तं नाई." सायकल येणार कुठून, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ती कुठून येऊ शकते हे दिवाळीनंतर कळलं. तलावात जाळं ओढून सगळी मासळी काढायच्या आधी, दर हिवाळ्यात एका रविवारी कारखाना गळाची स्पर्धा ठेवत असे. प्रत्येक कामगाराच्या घरचा एक गळ. सकाळपासून दुपारच्या भोंग्यापर्यंत ज्याचा मासा सगळ्यात वजनदार, तो पहिला. एरवी बक्षीस घोंगडी किंवा पितळी हंडा असे. त्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी नवी सायकल जाहीर केली. बाबा ती बातमी घेऊन आले तेव्हा चपला काढायच्या आधीच म्हणाले, "सुजा, कोपरा आपला. आता दोरा चांगला पाह्यजे."

दोरा घ्यायला आम्ही दोघं गोलबाजारात गेलो. बाबांनी कारखान्यातून बर्फाचा एक गोळा भुशात लपेटून, पोत्यात बांधून आणला होता. दुकानदाराने विचारलं, हे काय? बाबा म्हणाले, "दोरा देखना है, ठंडे में." आणि त्यांनी एकेका रिळाचा हात-दीड हात दोरा सोडून बर्फावर गुंडाळला. आम्ही वाट पाहिली. दुकानदाराने दुसरी गिऱ्हाइकं केली. मग बाबांनी दोरा सोडवला आणि मला म्हणाले, पाहा. जाड दोरा बर्फावरून काढला तरी तसाच वेटोळा राहिला. वाळलेल्या वेलासारखा तो पाण्यात कधी सरळ उतरलाच नसता. दुसरा बारीक होता, पण ओढला की रबरासारखा लांबायचा. माशाचं ते कुसळाएवढं ओढणं त्या लांबण्यातच जिरून गेलं असतं. तिसरा मऊ होता, सरळ होता, पण ओल्या गाठीवर जोर दिला तर गाठ सरकली. चौथ्या रिळाचा दोरा बर्फावरून निघाला तो माझ्या केसासारखा सरळ लोंबत राहिला. बाबांनी तो ओठावरून ओढला. मग मी नखांच्या चिमटीतून. काही म्हणजे काही लागलं नाही. थुंकीने ओली करून बाबांनी गाठ मारली, दोन्ही टोकं हाताला गुंडाळून हिसका दिला, आणि म्हणाले, "हाच." दुकानदार म्हणाला, "इतना तो लोग बहू देखने में नहीं देखते." तेव्हा बाबा हसले.

परवा माझ्या नातीने मला फोनवर एक चित्रफीत दाखवली. कुठल्याशा बर्फाळ देशात लोक गोठलेल्या तळ्यावर चालत जातात, त्याला भोक पाडतात आणि त्यातून गळ सोडतात. त्यासाठी दोरा कसा निवडावा हे एक लाल गालांचा माणूस समजावून सांगत होता. नात हसत होती, "आज्जी, देखो ना, पागल लोग." मला त्याची भाषा कळत नव्हती, पण तो थंड दोऱ्याचं वेटोळं हातात धरून मान हलवत होता, ते बरोबर कळलं. मी नातीला म्हटलं, बंद कर ते. तिला वाटलं मला कंटाळा आला.

आमच्या घरात एक रीत होती. गळाला जाताना दोरा बाबांच्या हातून घ्यायचा. गळ बांधलेला, शिसं लावलेलं, सगळं तयार. आणि त्यांनी दिलेल्या दोऱ्याला पुन्हा नख लावून पाहायचं नाही. आजोबांनी दिलेली वस्तू बाबांनी कधी तपासली नाही, बाबांनी दिलेली आम्ही तपासायची नाही. मोठ्यांच्या हाताला नख लावणं म्हणत असत त्याला. लग्नातल्या आहेरापासून दवाखान्याच्या पुडीपर्यंत हाच कायदा. आता मला वाटतं, ज्यांच्याकडे दुसरी कुठलीच सत्ता नसते ती माणसं असले कायदे फार कडक पाळतात.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात घरातली हवा बदलली, पण मला तिचा अर्थ लागला नाही. प्रकाशभैया त्याच कारखान्यात कच्चा कामगार होता. कोणाकोणाला पक्कं करायचं हे मॅनेजरसाहेब वर कळवणार, अशी कुजबुज होती. भैया घरी येऊन विचारायचा, "बाबा, साहब ने कुछ कहा?" बाबा मान हलवायचे. साहेब स्वतः गळाचे शौकीन. विलायती चकरीची काठी घेऊन कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसत, आणि दर वर्षी पहिले येत. त्यांनी जिंकलेलं बक्षीस ते कोणालातरी देऊन टाकत आणि लोक टाळ्या वाजवत. हे सगळं मला माहीत होतं. पण माझ्या डोक्यात फक्त सायकल होती. कुठल्या रस्त्याने जायचं, रूळ कुठे ओलांडायचे, हेही मी ठरवून ठेवलं होतं.

रविवारी धुकं होतं. बाबांनी मला दोरा दिला तो नवा कोरा चमकत होता. मी काठीला बांधला आणि मोरीच्या कोपऱ्यात दगडावर बसले. पलीकडचे लोक ओरडले, "वहाँ क्या बर्फ पकड़ोगी, बाई?" दोऱ्याला खोबरेल तेलाचा वास येत होता. मला वाटलं माझ्याच केसांचा असेल, सकाळीच मायनं डोक्याला थापलं होतं. बाबा माझ्या मागे उकिडवे बसले. एरवी ते सारखे सूचना द्यायचे. त्या दिवशी गप्प होते. ऊन वर आलं तसं कडुनिंबाखाली गलका वाढला. साहेबांना चांगला हाताएवढा रोहू लागला होता. चौकीदाराला त्याहून लहान. माझ्या बोटाला काही नाही. पाण्याच्या गारठ्याने बोट बधिर व्हायला लागलं की मी ते काखेत धरायची आणि पुन्हा दोऱ्याखाली लावायची.

भोंग्याला थोडा वेळ उरला असताना ते आलं. मोहरीचा दाणा पडावा तसं. मी श्वास धरला. पुन्हा एकदा. मी काठी वर घेतली आणि काठी वर आलीच नाही. खाली तलावाचा तळच हलला असं वाटलं. मग दोरा पाणी कापत डावीकडे निघाला. पलीकडे कोणीतरी ओरडलं आणि सगळे पळत आले. साहेब खुर्ची पाडून आले. "ढील दो बिटिया, ढील दो!" ते ओरडत होते. मी ढील दिली, पुन्हा घेतलं. एकदा तो वर आला. पांढरं पोट, माझ्या पंजाएवढं रुंद तोंड. साहेबांच्या रोहूच्या दुप्पट तरी. लोकांच्या तोंडून "बाप रे" निघालं. मी त्याला काठाकडे वळवलं होतं. तो थकला होता. खरं सांगते, मी जिंकले होते. आणि मग काहीच झटका नसताना, साध्या ओढीला, दोरा मधोमध तुटला. काठी हलकी झाली आणि मी मागे बाबांच्या अंगावर आपटले. मी पाण्याकडे पाहत होते, साहेब पाण्याकडे पाहत होते, सगळे पाण्याकडे पाहत होते. फक्त बाबा साहेबांकडे पाहत होते.

बक्षीस साहेबांना मिळालं. त्यांनी ती सायकल चौकीदाराला दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी त्यांच्या रोहूचे तुकडे कामगारांच्या घरोघरी वाटले गेले, आमच्याकडेही आले. मायनं चिंच घालून रस्सा केला. मी जेवणार नाही असं ठरवून बसले होते, पण सकाळपासून पोटात काही नव्हतं. मी जेवले. रस्सा फार चांगला झाला होता, आणि त्याची चव मला आवडली याचंच मला जास्त रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी राख टाकायला मागच्या अंगणात गेले. सेमीचा वेल खाली पडला होता आणि मायनं तो सुतळीने पुन्हा वर बांधायला घेतला होता. अर्धा उन्हाळा आणि पावसाळा तो वेल तंगुसावर चढला होता. जुना, टाकाऊ तंगूस, छपरावर ऊन खाऊन पांढरा पडलेला. तो तिथे नव्हता. मी विचारलं, "माय, वेलाचा दोरा कुठी गेला?" मायनं वर पाहिलं नाही. "तुटला," ती म्हणाली, आणि सुतळीची गाठ मारत राहिली. मी आत येऊन काठीला उरलेला दोरा काढला. कापडाने तेल पुसलं आणि नखांच्या चिमटीतून ओढला. नखांत पांढरी भुकटी जमली. चांगला दोरा तुटला तर गाठीत तुटतो. हा मधोमध तुटला होता, हे मला काल तिथेच कळायला हवं होतं. मग मी पिठाचा डबा उघडला, कारण बाबा किमती वस्तू त्यातच ठेवत. गोलबाजारचं रीळ त्यात होतं. भरलेलं, हात न लावलेलं.

बाबा दुपारी आले तेव्हा मी रीळ आणि तुटका दोरा दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले. घरात माय होती, भैया होता. मी विचारलं, "बाबा, हे काय व्हय?"

ते खोटं बोलले नाहीत. एवढं मात्र त्यांच्या बाजूने मला लिहायला हवं.

"प्रकाशचं नाव साहेबाच्या हातात आहे," ते म्हणाले. "साहेबासमोर त्याच्याहून मोठा मासा काढून आपन कुठी जाऊ?"

"मंग मले सांगाचं होतं! मी गेलीच नसती."

"तू आइकली असती का?"

"त्यायनं सायकल चौकीदाराले देऊन टाकली बाबा! त्यायले पाह्यजे बी नोती!"

"सायकल नाई पाह्यजे त्याले. पयला नंबर पाह्यजे." मग म्हणाले, "तुले आज ना उद्या दुसऱ्याच्या घरी जाचं आहे. त्याले इथंच राहाचं आहे."

भैया खाली मान घालून म्हणाला, "मैंने नहीं बोला था इनको." ते खरं असेल. पण त्याने पुढे एक शब्दही काढला नाही. माय तर वेलाचा दोरा स्वतः सोडवून देणारी. मला त्या क्षणी वाटलं, या घरात मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, "मंग मले शिकवलं काहून?"

बाबांनी आपले हात पाहिले. म्हणाले, "माह्या बोटात जीव नोता म्हनून." त्यांना ते दुष्टपणे म्हणायचं नव्हतं. विचारलं त्याचं सरळ उत्तर दिलं, इतकंच. मी मात्र ते उत्तर घेऊन इतकी वर्षं चालते आहे.

पुढचं लवकर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही. अकरावी झाली, कॉलेज झालं नाही. भैया पक्का झाला. माझं लग्न रायपुरातच झालं. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी बाहेरून परीक्षा देऊन बी.ए. झाले. निकालाच्या दिवशी सासूबाईंनी विचारलं, आता काय कलेक्टर होणार का? मी म्हटलं, नाही, आता कपडे वाळत घालणार. बर्फ कारखाना बंद पडला, पक्की नोकरी त्याच्याबरोबर गेली. भैयाने सिलतऱ्याकडे एका कारखान्यात सुरुवात पुन्हा कच्च्यापासून केली. माय गेली. भैयाच्या घरी जागा नाही, सुनेशी पटत नाही, असं होत होत बाबा माझ्याकडे आले. दुसऱ्याच्या घरी जाणार होते ना मी, तर त्या दुसऱ्याच्या घरी आता तेच राहतात. पाहुणे आले की सांगतात, "आमची सुजा गरी खेळाले, मासे धराले अव्वल होती. सायकलच आनली असती, पन नशीब! दोराच तुटला." पहिल्यांदा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि त्यांच्याकडे पाहत उभी राहिले. ते पाहुण्याला बिस्कीट देत होते. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनी स्वतःला तसं पटवून घेतलं होतं. तेव्हापासून पाहुणे आले की मी नळ मोठा सोडते.

मागच्या थंडीत मी डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत बसले होते. शेजारी एक उंच, पांढऱ्या भुवयांचे म्हातारे. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, "तुम बर्फ कारखाने वाली बिटिया हो ना? मोरी के कोने वाली?" मॅनेजरसाहेब. इतक्या वर्षांनी त्यांनी मला ओळखलं ते माझ्या बसण्यावरून, असं म्हणाले. मी तशीच पुढे वाकून बसते. मला उठून जावंसं वाटलं. पण ते बोलत राहिले. तो कतला त्यांना अजून आठवत होता. म्हणाले, "सब मुझसे डर के हारते थे, बेटा. मैं जानता था. अच्छी मछली लगी भी हो तो छोड़ देते थे. मैं ऊब गया था. उस दिन पहली बार कोई सचमुच खेल रहा था. मैं तो मना रहा था कि तुम निकाल लो." मी विचारलं, आणि माझ्या भावाचं नाव? त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "प्रकाश? उसका नाम तो मैं दिवाली में ही ऊपर भेज चुका था. अच्छा लड़का था. क्यों?"

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरने अक्षरं वाचायला सांगितली, ती मला एकही दिसली नाहीत. त्याने भिंग बदलून पाहिलं. मी म्हटलं, जरा थांबा, डोळ्यांत पाणी आहे.

घरी आले. बाबांना जेवायला वाढायची वेळ झाली होती. ते खाटेवर बसून जेवतात, घास बोटांत नीट धरता येत नाही म्हणून चमच्याने. मी ताट पुढे ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला त्यांना दुखवायचं होतं. त्यांनी माझं सगळं आयुष्य फुकट देऊन टाकलं, कोणी मागितलेलं नसताना, हे त्यांना या वयात कळावं आणि त्यांनी ते माझ्यासारखं घेऊन चालावं, असं मला वाटत होतं. म्हणून मी एकेक शब्द सावकाश बोलले. "साहेब भेटले होते. दोरा तोडाले त्यायनं सांगतलं नोतं. प्रकाशभैयाचं नाव दिवाळीतच गेलं होतं. तुमाले कोनीच काई मांगतलं नोतं, बाबा."

बाबा चमचा हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं, आता लागलं. मग ते लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाले, "मले मालूम आहे, कोनी मांगतलं नोतं. नाव गेलं का नाई, ते मले मालूम नोतं. पन मोठे लोक मांगत नसतेत, सुजा. त्यायनं मांगाच्या आधीच देऊन टाका लागते. मांगेपरेंत थांबलं, का मंग उशीर होते."

आणि त्यांनी ताट थोडं पुढे सरकवून आणखी भात मागितला. मी वाढला.